चालते, म्हणून चालवावी काय?

मोटारगाडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर झिजलेले असताना ती चालविणे सुरक्षित आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीच्या अखत्यारीतला. साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत त्याला जागा कशासाठी, असे काही वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आम्हांस हा प्रश्न जितका यंत्राचा तितकाच नीतीचा वाटतो. आणि भोपाळात आयुष्य घालविलेल्या माणसाला तर तो टाळता येणे कठीण. त्याचे कारण पुढे येईलच.

प्रथम यंत्राविषयी, कारण यंत्र समजून न घेता केलेली नीतीची चर्चा हवेत राहते. या भागाचे इंग्रजी नाव 'धक्के शोषणारा' अशा अर्थाचे आहे, आणि आपल्याकडचे मिस्त्री त्याला नुसते 'शॉकर' म्हणून मोकळे होतात. पण धक्का घेण्याचे काम मुख्यतः त्याचे नव्हेच. खड्ड्याचा धक्का घेते ती स्प्रिंग, किंवा जुन्या जीपला व ट्रकला असतात ते पाटे. मात्र स्प्रिंगचा स्वभाव असा, की दबली की ती उसळते आणि उसळली की पुन्हा दबते. तिला मोकळे सोडले तर एका खड्ड्याचे दहा हेलकावे होतात. हे हेलकावे आवरणे हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे खरे काम. एका नळकांड्यात तेल असते, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रे. चाक वरखाली झाले की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते आणि हालचालीतील ऊर्जा उष्णता होऊन विरून जाते. सील झिजून तेल पाझरले किंवा आतल्या झडपा सैल झाल्या, की ही आवर घालण्याची शक्ती कमी होते. मग चाक रस्त्याला धरून राहत नाही, उड्या मारू लागते. टायर एका बाजूने किंवा खळगे पडून झिजतो. वळणावर गाडी अंग टाकते आणि अचानक ब्रेक मारल्यास थांबावयास अधिक अंतर घेते. ब्रेक कितीही उत्तम असो, तो केवळ चाकाला थांबवितो. गाडीला थांबविते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण. टायर क्षणभर अधांतरी असेल तर त्या क्षणापुरता ब्रेक नसल्यासारखाच.

तेव्हा तांत्रिक उत्तर सरळ आहे. सुरक्षित नाही. पण या उत्तराला व्यवहारात नेहमी एक शेपूट जोडले जाते. कोरडा रस्ता, तीस-चाळीसचा वेग, ओळखीचा मार्ग आणि पुढे कोणी आडवे न येणे, इतके जुळून आले तर अशी गाडी वर्षानुवर्षे काहीही न होता चालते. मिस्त्रीही गाडीखालून बाहेर येत हात पुसतो आणि म्हणतो, "अभी तो चलेगी साहब." तो खोटे बोलत नसतो. गाडी चालतेच. आमच्या मते सगळा घोटाळा या 'चालते' शब्दात आहे. मराठीत 'चालते' म्हणजे गतिमान असते, आणि 'चालते' म्हणजे हरकत नाही. पहिल्या अर्थातून दुसऱ्या अर्थात आपण केव्हा उतरतो, हे आपल्यालाही कळत नाही.

झिजण्याची रीतही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. टायर फुटला तर गाडी तत्काळ सांगते. दिवा गेला तर रात्री अंधार पडतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र एकाएकी मरत नाही. तो महिन्या-महिन्याने थोडाथोडा जातो, आणि चालविणाऱ्याचा हात त्या मानाने थोडाथोडा जुळवून घेतो. वळण किंचित हळू, खड्ड्यापूर्वी किंचित आधी ब्रेक. मालकाला आपली गाडी पूर्वीइतकीच ठीक वाटते; दोन वर्षांनी माहेरी आलेली लेक बसल्याबरोबर विचारते, "बाबा, गाडी अशी काय डोलते?" सवय ही मोठी सोयीची गोष्ट आहे, पण साक्षीदार म्हणून ती अगदीच निरुपयोगी.

म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील १९० वे कलम आम्हांस नेहमीच विचारपूर्वक लिहिलेले वाटत आले आहे. इतरांस धोका होईल असा दोष असलेले वाहन सार्वजनिक जागी चालविणारा किंवा चालवू देणारा त्या कलमाखाली दोषी ठरतो. त्यासाठी तो दोष त्याला ठाऊक असावाच लागतो असे नाही. सामान्य दक्षता घेतली असती तर कळला असता, इतके पुरे आहे. म्हणजे 'मला माहीत नव्हते' हे उत्तर तेथे संपत नाही. माहीत करून घेणे तुमच्या हाती होते की नाही, असा पुढचा प्रश्न उभा राहतो. अज्ञानातही कर्तव्यच्युती असू शकते, हा मोठा सिद्धान्त या रूक्ष कलमाने विनातक्रार पोटात घेतला आहे. जागृत वाचकांनी 'चालवू देणारा' हे शब्दही ध्यानात ठेवावेत.

इंग्लंडमधील गणितज्ञ आणि तत्त्वचिंतक विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यातील जहाजमालकाचा दृष्टान्त येथे नेमका लागू पडतो. जहाज जुने झालेले आहे, दुरुस्तीची गरज आहे अशी शंका मालकाच्या मनात येते. खर्चाचा विचार करून तो ती शंका दाबतो, इतक्या सफरी सुखरूप झाल्या तर हीही होईल असे स्वतःस पटवितो, आणि अगदी मनापासून निश्चिंत होऊन उतारूंनी भरलेले जहाज रवाना करतो. जहाज बुडते. क्लिफर्डच्या मते मालक दोषी आहे, कारण त्या निश्चिंतपणावर त्याचा हक्कच नव्हता. पण तो पुढे आणखी एक पाऊल टाकतो, आणि आमचे लक्ष वेधले ते त्याने. जहाज सुखरूप पोहोचले असते तरी मालक तितकाच दोषी राहिला असता, असे तो म्हणतो. फक्त ते कोणाच्या लक्षात आले नसते, इतकेच.

हे ऐकून आपल्यापैकी जुन्या मंडळींस थोडे अन्याय्य वाटेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून ज्या मराठी कुटुंबांनी येथे बिऱ्हाडे केली, तात्या टोपे नगरच्या सरकारी घरांतून ज्यांचे संसार उभे राहिले, त्यांच्या घरात वस्तू शेवटपर्यंत वापरणे हा सद्गुण होता. लुगड्याची गोधडी होई, गोधडीचे पायपुसणे. स्कूटर वीस वर्षे चाले. त्या पिढीच्या काटकसरीला निष्काळजीपणा म्हणणार काय?

मुळीच नाही, उलट आमचा आधार तीच पिढी आहे. तिच्या स्वयंपाकघरातील पितळी पातेली आठवावीत. पातेले तीस-तीस वर्षे टिके, पण आतली कल्हई उडू लागली की कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई. कल्हई गेलेले पातेले गळत नाही, फुटत नाही. त्यात भात शिजतो, दूधही तापते. चालतेच ते. पण आंबट वरण किंवा ताकाची कढी त्यात घातली की कळकते, आणि ती खाणाऱ्याच्या पोटात विष जाते. म्हणून नवे भांडे न घेणारी गृहिणी कथील-नवसागराचे पैसे मात्र विनातक्रार मोजी. काटकसर म्हणजे नवे न घेणे. जुन्याची निगा न करणे नव्हे. किंबहुना जो निगा करतो त्यालाच जुने वापरण्याचा अधिकार. पुढील पिढीने जुन्या मोटारी तेवढ्या वारशाने घेतल्या आणि कल्हई विसरली, अशी आमची तक्रार आहे. कल्हई आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्यात आणखी एक साम्य आहे. दोन्ही झिजल्याचा त्रास बहुधा मालकाला होत नाही, दुसऱ्याला होतो.

आता भोपाळविषयी. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांवरून पसरला, हे येथे कोणाला सांगावयास नको. जे. पी. नगर, काझी कॅम्प, छोला ही नावे आपल्याला जगाने शिकविलेली नाहीत. पण त्या रात्रीपूर्वीचे सहा महिने आम्हांस येथे पाहावयाचे आहेत. हा द्रव थंड राहावा म्हणून कारखान्यात शीतकरण यंत्रणा होती. जून १९८४ पासून ती बंद ठेवण्यात आली. सुटलेला वायू जाळून टाकण्यासाठी उंच ज्वालास्तंभ होता. त्याच्याकडे जाणाऱ्या नळाचा गंजलेला तुकडा बदलण्यासाठी काढलेला होता आणि नवा बसविलेला नव्हता. वायूला कॉस्टिक सोड्याने निष्प्रभ करणारे धुलाईयंत्र होते. ते राखीव स्थितीत, चालू नव्हते. पाण्याचे फवारे होते, पण वायू ज्या उंचीवरून बाहेर पडत होता तेथवर ते पोहोचले नाहीत. कारखाना तोट्यात होता, खर्चात कपात चालली होती, माणसे कमी केली जात होती.

टाकीत पाणी कसे शिरले याविषयी पुढे अनेक वर्षे वाद झाले. सर्व यंत्रणा चालू असत्या तरी इतक्या प्रचंड लोंढ्याला त्या पुऱ्या पडल्या असत्या काय, याविषयीही तज्ज्ञांत मतभेद आहेत. ते असोत. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की जूनपासून डिसेंबरपर्यंत कारखाना 'चालत' होता. शीतकरण बंद केल्यावर पहिल्या दिवशी काही झाले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. प्रत्येक सुखरूप गेलेला दिवस त्या निर्णयाच्या बाजूने पुरावा म्हणून जमा होत गेला असणार. धक्का सोसणारी साधने धक्का बसेपर्यंत निरुद्योगीच दिसतात; खर्चात कपात करावयास निघालेल्या माणसाची नजर म्हणूनच प्रथम त्यांच्यावर जाते. आणि इशारे नव्हते असेही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला होता, आणि १९८२ पासून राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने आपल्या 'रपट' या लहानशा साप्ताहिकातून शहराला सावध करण्याचा प्रयत्न चालविला होता. सामान्य दक्षतेने कळण्याजोगे होते ते एवढे उघड होते.

येथे कायद्याने जो मार्ग घेतला तो विचार करावयास लावणारा आहे. खटला प्रथम सदोष मनुष्यवधाचा होता. सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याच्या, म्हणजे दंडसंहितेच्या ३०४-अ कलमावर आणला. त्या कलमाची कमाल शिक्षा दोन वर्षे. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने हयात असलेल्या सात भारतीय आरोपींस तितकीच शिक्षा सुनावली आणि ते जामिनावर घरी गेले. मधल्या काळात, दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात, डिसेंबर १९८६ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने एक निराळे तत्त्व सांगितले होते: जो धोक्याचा उद्योग करून नफा मिळवितो, त्याच्याकडून अपाय झाला तर भरपाईसाठी त्याची काळजी किंवा बेपर्वाई मोजत बसण्याचे कारण नाही, त्याची जबाबदारी निरपवाद आहे. भरपाईपुरते हे तत्त्व थोर आहे. पण पैशाची जबाबदारी आणि नैतिक दोष या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा उलगडा पहिलीने होत नाही.

अमेरिकेतील तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७० च्या दशकात नैतिक दैव असा एक विचार मांडला. त्यांचे एक उदाहरण आपल्या विषयाला अगदी लागून आहे. एका चालकाने बरेच दिवस ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात मूल आडवे आले आणि ते दगावले, तर तो स्वतःला आयुष्यभर दोष देईल आणि जगही देईल. मूल आले नाही, तर त्याच हयगयीबद्दल त्याला किरकोळ चुटपुटही लागणार नाही. हयगय तीच, माणूस तोच. फरक फक्त एका मुलाच्या येण्या-न येण्याचा, आणि तो तर त्याच्या हाती नव्हता. मग दोष कशावर ठरवावयाचा?

क्लिफर्ड म्हणेल, हयगयीवर. कायदा बहुतांशी म्हणतो, परिणामावर. आमचा कौल क्लिफर्डकडे आहे, पण पूर्णपणे नाही. सरकारी सेवेची सदतीस वर्षे आमच्या पदरी आहेत, आणि तेथे एवढे तरी कळते, की काहीच झिजलेले नाही असे कार्यालय, घर किंवा शरीर या जगात नसते. छताची गळती, विजेची जुनी तार, वाढलेला रक्तदाब, काही ना काही प्रत्येकाचे लांबणीवर पडलेले असते. प्रत्येक लांबणीला गुन्हा म्हटले तर शब्दाला अर्थच उरत नाही. तेव्हा झीज आणि झीज यांत विवेक करावा लागतो. आम्ही स्वतःपुरता एक साधा निकष मानतो. ज्याच्या अंगावर धोका येणार त्याला आपण ती गोष्ट तोंडावर सांगू शकतो काय? स्वतःच्या घराचे छत गळत असेल तर पाहुण्याला आपण सहज सांगतो, "त्या कोपऱ्यात बसू नका." पण गाडीत बसणाऱ्या शेजाऱ्याला "शॉकर गेलेले आहेत, अचानक थांबावे लागले तर गाडी थांबेलच असे नाही" हे किती जण सांगतील? आणि न्यू मार्केटसमोर रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी बाईला कोण, कसे सांगणार? तिने आपल्या काटकसरीला संमती दिलेली नाही. जी हयगय सांगता येत नाही, ती नैतिकदृष्ट्या हयगयीपेक्षा काही अधिक असते. कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या झोपड्यांतून जून १९८४ मध्ये कोणी सांगत गेले नव्हते, की आजपासून शीतकरण बंद आहे.

शासनाविषयी बोलावयाचे तर आपल्या परंपरेत 'योगक्षेम' असा फार नेमका शब्द आहे. नसलेले मिळविणे हा योग, मिळविलेले राखणे हा क्षेम. राजाच्या कर्तव्यात दोन्ही सारखेच धरले होते. आजचे राज्य योगात रमते. नव्या पुलाला कोनशिला असते, फीत असते, छायाचित्र असते. जुन्या पुलाच्या डागडुजीला यांपैकी काही नसते. अंदाजपत्रकात काटछाट आली की प्रथम कात्री लागते ती अनुरक्षणाच्या शीर्षाला. आमच्या अनुभवात याला पक्षभेद नाही. २००३ च्या निवडणुकीत वीज, रस्ते आणि पाणी यांवर या राज्यातील सरकार पडले. त्या काळचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे, की नवे शॉकर बसविणे म्हणजे पैसे खड्ड्यात घालणे, अक्षरशः, असे म्हणत असत. पुढे रस्ते सुधारले, तेव्हा गाड्यांचा वेग वाढला आणि शॉकर मात्र तेच राहिले. खड्ड्यांच्या रस्त्यावर जे झिजलेपण वीस-पंचवीसच्या वेगात खपून जात होते, ते चौपदरी रस्त्यावर शंभराच्या वेगात खपत नाही, ही गोष्ट फारशी कोणी बोलून दाखविली नाही.

महाराष्ट्रातील एक उदाहरण विसरता येत नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एस.टी. बसेस व इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. मे महिन्यातच त्याची तपासणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता. तपासणी खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. मे महिन्यात, कोरड्या नदीवर, पूल उभा होता आणि त्यावरून वाहने जात होती. पूल चालत होता! ऑगस्टच्या पुरात तो काय करील, हा प्रश्न मे महिन्यात विचारण्याचाच होता.

आता सर्वांत अवघड बाजू. मध्यमवर्गीयाने शॉकर न बदलणे आणि रोजच्या कमाईवर घर चालविणाऱ्या वाहनचालकाने ते न बदलणे, या एकाच तराजूत घालावयाच्या गोष्टी आहेत काय? चारही बदलावयाचे तर त्याची कित्येक दिवसांची मिळकत जाते, आणि गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची चूलही. त्याला नीतीचा उपदेश करणे आम्हांस शोभत नाही. पण म्हणून धोका नाहीसा होतो असेही नाही. रस्त्यावरच्या मुलाला धडक गरिबाच्या गाडीची की श्रीमंताच्या, हा भेद कळत नाही. आमच्या मते त्याचे कर्तव्य नाहीसे होत नाही, ते रूप बदलते. वेग आवरणे, जादा माणसे न कोंबणे, पावसात अंतर राखून चालणे, एवढे त्याच्या खिशाबाहेरचे नाही. आणि उरलेला भार त्याच्या गाडीचा लाभ घेणाऱ्यांवर येतो. कलमातील 'चालवू देणारा' तो मालक. नीतीच्या दृष्टीने त्यात आणखी पुष्कळ जण बसतात.

कॉलन्यांतून सकाळी मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅन पाहाव्यात. आठ जणांच्या जागेत बारा-तेरा मुले, दप्तरे बाहेर टांगलेली, आणि वळणावर गाडी एका अंगाला कलते ती सावरावयास वेळ घेते. याच व्हॅनवाल्याशी महिन्याच्या दरासाठी शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस करणारे आपणच असतो, आपल्या मुला-नातवंडांसाठी. जून-जुलैत शाळा उघडताना हा व्यवहार ठरतो. त्या वेळी बोलणी सुरू करण्यापूर्वी व्हॅनच्या चारही कोपऱ्यांवर एकेकदा जोर देऊन सोडून पाहावे. एक-दीड हेलकाव्यात ती स्थिरावली तर ठीक. नळकांड्यावर तेलाचे ओघळ आहेत काय तेही वाकून पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे. तिसऱ्या-चौथ्यांदा डोलली, तर नव्या शॉकरचा खर्च त्या व्हॅनने मुले पाठविणाऱ्या आठ-दहा घरांत कसा वाटून घ्यावयाचा, हे आधी ठरवावे. दराची बोलणी त्यानंतर.